ओळीची उजवी कड

पेणनजीकचें हमरापूर हें गांव गणेशमूर्तींच्या कारखान्यांकरितां प्रसिद्ध आहे. तेथील एका कारखान्यांत, रंग उडविण्याच्या यंत्राबरोबर आलेली मराठी माहितीपुस्तिका आम्हीं चाळली. संगणकावर जुळविलेल्या त्या पृष्ठांच्या दोन्ही कडा ओळंब्यानें धरल्यासारख्या सरळ. पण आंत कित्येक ओळींत तीनच शब्द, आणि त्यांमध्यें पडक्या दांतांसारख्या फटी. ‘यंत्र चालू असतां झांकण उघडूं नये’ या वाक्यांतील ‘उघडूं’ व ‘नये’ इतके दूर गेले होते कीं, वाचणाऱ्याचा हात ‘नये’ येण्यापूर्वींच झांकणाकडे जावा!

हा दोष यंत्राचा, कीं आमच्या लिहिण्याच्या रीतीचा?

जुन्या पोथ्यांत ही अडचण नव्हती, कारण शब्दाशब्दांत फटच नसे. लेखक दोन्ही बाजूंस उभ्या रेघा आखी, आणि रेघेशीं येतांच कोणत्याहि अक्षरावर ओळ मोडी. शब्द दुभंगला तरी त्यास खंत नसे. थोडी जागा उरलीच तर ती दंडांनीं भरी. मोडींत तर आधीं आडवी रेघ, मग तिला लटकलेलीं अक्षरें. विरामाचें नांव नाहीं. तेव्हां सरळ कड आम्हांस विलायतेनें शिकविली हा समज चुकीचा आहे. छापखान्यानें रूढ केली ती शब्दांमधील फट.

हा बदल एका दिवसांत झाला नाहीं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापिलें तें शिळाछापावर. त्यांत अक्षर हातचें, म्हणून पोथीची वळणें टिकून राहिलीं. पुढें खिळ्यांची छपाई वाढली. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालीं निघाली, आणि १८६९ त जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढिला. तेथील संस्कृत ग्रंथांत लांबलचक समास ओळीअखेर तोडून संयोगचिन्ह दिलेलें आढळतें. मराठी गद्यानें मात्र फट घेतली आणि संयोगचिन्हाशीं अंतर राखिलें. त्यांत आमचे शब्द प्रत्ययांनीं लांबतात. ‘कारखान्यांमधल्यासारखें’ हा एकच शब्द अर्धी ओळ अडवितो. तो मावला नाहीं कीं, खालीं जातो आणि वरच्या ओळींत खिंडारें पडतात. जाणता जुळारी अशा वेळीं मागच्या दोन ओळी सैल करून तोड काढी.

ही तोड संगणकास शिकविण्याचें श्रेय डोनाल्ड क्नूथ व मायकेल प्लास यांचें. १९८१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेली रीत एकेका ओळीचा विचार न करितां सबंध परिच्छेदाचा करिते. १९८३ त फ्रँक लियांग यांनीं शब्द कोठें तोडावा याचे नमुने यंत्रास पुरविण्याची युक्ति मांडिली. मराठीकरितांहि आतां असे नमुने आहेत: अक्षर पुरें झाल्यावर तोडावें, जोडाक्षरांत शिरूं नये. नियम सोपा, परंतु ‘जनावर’ शब्दाचें ‘जना-’ वर राहून ‘वर’ खालीं आलें, तर वाचकानें काय समजावें? ‘सदाचार’ तर व्याकरणानें सत् आणि आचार. यंत्र त्याचें ‘सदा-चार’ करितें! तरीहि फटींपेक्षां असले अपघात आम्हांस परवडतील; डोळा ते पुढच्या ओळींत दुरुस्त करितो.

सूचनांच्या पुस्तिकेंत मात्र उजवी कड सरळ असण्याचा हट्टच नको. त्या कारखान्यांतील मुलानें ती सूचना आमच्यासमोर पुन्हां टंकिली, डावी कड तेवढी धरून, आणि उजवी सोडून दिली. कड वांकडीतिकडी झाली खरी. पण ‘नये’ ‘उघडूं’च्या शेजारीं येऊन बसलें. तो कागद त्यानें यंत्राच्या झांकणावरच चिकटविला.