शिखर, ध्वज आणि मृतांची नावं

मांजरीत उभं राहून डोंगरांबद्दल बोलायचं, हे जरा उलटंच वाटेल. इथं डोंगर नाही. मुळा-मुठेच्या एका काठाला मांजरी बुद्रुक, दुसऱ्या काठाला मांजरी खुर्द. ऊस आणि द्राक्षं यांच्या संशोधन संस्था इथंच आहेत, कारण ही जमीन सपाट, काळी आणि पाण्याची. तरीही आजचा विषय इथल्याच माणसांशी येऊन भिडतो, असं आम्हाला वाटतं. विषय असा: गेलेल्यांची आठवण घेऊन लोक डोंगर का चढतात, आणि सोबत ध्वज का नेतात?

सुरुवात जरा लांबून करू. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ले झाले, सुमारे तीन हजार माणसं गेली. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या काही डोंगरभटक्यांनी देशाचा ध्वज उचलला आणि ते माउंट लिबर्टी नावाच्या शिखरावर चढले. पुढच्या वर्षी ही गोष्ट वाढली. त्या भागात चार हजार फुटांहून उंच अशी ४८ शिखरं आहेत. त्या सगळ्या शिखरांवर एकाच दिवशी ध्वज न्यायचे, दुपारी बारा ते दोन फडकत ठेवायचे आणि उतरायचं, असा रिवाज पडला. तो दरवर्षी पाळला जातो.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, त्या डोंगरांचा आणि त्या मृत्यूंचा थेट संबंध काहीच नव्हता. माणसं गेली शहरांत आणि विमानांत. दुसरी गोष्ट अशी की गेलेल्यांत अग्निशमन दलाचे जवान होते, पोलीस होते, पण बहुतेक जण सकाळी कामावर निघालेले किंवा प्रवासाला निघालेले साधे लोक होते. त्यांनी काही मरण पत्करलेलं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याहून भीमाशंकरला आपण सगळेच गेलो असू. तिथल्या रानाच्या कोकणाकडच्या बाजूला, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. १९४२ च्या चले जाव चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल भूमिगत झाले. पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, नाभिक कुटुंबातला. शिक्षणानं वकील. कर्जत-माथेरान भागातल्या शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे दावे लढणारे, गरिबांसाठी धान्यकोठारं काढणारे. त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे, म्हणजे कारखाने थांबतील आणि युद्धात गुंतलेल्या सरकारची अडचण होईल, हा त्यांचा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ च्या सकाळी पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच पडले. भाईंचं वय होतं तीस.

दरवर्षी २ जानेवारीला तिथं लोक जमतात. आदल्या रात्रीच रानवाटेनं पोहोचतात आणि पहाटे मानवंदना देतात. पण ही जागा गडाचा माथा नव्हे, ती खाली रानात आहे. अमेरिकेत लोक सर्वांत उंच जागा शोधत गेले, आपण जिथं रक्त सांडलं ती जागा शोधत गेलो. सिंहगडाचंही तेच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे जिथं पडले, त्या गडावरच त्यांचं स्मारक आहे.

हा फरक नुसत्या जागेचा नाही. आपल्या भाषेतच त्याचं मूळ आहे. मराठीत दोन शब्द आहेत: हुतात्मा आणि बळी. हुतात्मा म्हणजे ज्यानं स्वतःची आहुती दिली तो. बळी म्हणजे ज्याचा जीव घेतला गेला किंवा हकनाक गेला तो. हुतात्म्यांसाठी आपल्याकडे चौक आहे, तालुक्या-तालुक्यांत स्मारकं आहेत. १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत राज्य सरकारनं गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली. बळींसाठी काय आहे? वर्तमानपत्रात एक आकडा, आणि वर्षानं आणखी एक बातमी.

इथं ध्वजाचा प्रश्न येतो. कुणी म्हणेल, आपणही मग तिरंगा घेऊन डोंगर चढू. जरूर चढावं. पण थोडा इतिहास लक्षात ठेवायला हवा. २००१ च्या सप्टेंबरात आपल्याकडच्या एखाद्या गटाला असं करायचं असतं, तर नियम आडवे आले असते. ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून सामान्य नागरिकानं राष्ट्रध्वज फडकवण्याला तेव्हा मुभा नव्हती. नवी ध्वज संहिता आली २६ जानेवारी २००२ पासून. पुढे जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानानं ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे.

म्हणजे ध्वज आपल्या हातात आला तो अलीकडेच. आणि त्यातही एक मेख आहे. शोक दाखवायला ध्वज अर्ध्यावर उतरवतात, पण तो कधी आणि कुणासाठी उतरवायचा हे सरकार ठरवतं. तुम्ही-आम्ही नाही. आपण फडकवलेला तिरंगा पूर्ण उंचीवरच असायला हवा. त्यामुळे शिखरावरचा ध्वज एवढंच सांगू शकतो की ही माणसं आमची होती. ती कोण होती, हे त्याला सांगता येत नाही. ते काम माणसांचं आहे.

आता मांजरीकडे येऊ. इथून फार लांब नाही, कोरेगाव पार्कात, १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी जर्मन बेकरीत बाँबस्फोट झाला. १७ जण गेले. आणि २१ जानेवारी २०२१ ला इथंच, मांजरीत, लस बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली. पाच कामगार गेले. सगळं जग तेव्हा लशीची वाट बघत होतं. त्यामुळे लस सुरक्षित आहे ना, हा प्रश्न त्या दिवशी आधी विचारला गेला. ती काळजी खोटी नव्हती. पण त्या पाचांची नावं या सभागृहात किती जणांना सांगता येतील? आम्हालाही ती मुद्दाम शोधावी लागली. हे आम्ही दुसऱ्या कुणाला दोष द्यायला सांगत नाही, यात आम्हीही आलो.

हे पाच जण हुतात्मे नव्हते, कामाला आलेले होते. त्यांना हुतात्मा म्हणावं, असा आमचा आग्रह नाही. शब्द फुगवून आठवण टिकत नाही. सिद्धगडची आठवण टिकली ती लोक थंडीच्या रात्री पायी तिथं जात राहिले म्हणून. न्यू हॅम्पशायरची टिकली, कारण कुणीतरी दरवर्षी काठी आणि कापड पाठीवर घेतलं. टिकायला तारीख लागते आणि जाणारी माणसं लागतात. जागा उंच असो वा सखल.

तुमच्यातले कितीतरी जण रविवारी पहाटे सिंहगड चढतात. २१ जानेवारीच्या आसपासच्या रविवारी एवढंच करा. वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी आणि दही घ्यायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि ती पाच नावं मोठ्यानं म्हणा. ध्वज असला तर उत्तम, नसला तरी चालेल. नावं मात्र घरून पाठ करून जा.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.