घरीं घडविलेलें विमान आणि त्याची वाचा

विमानाचा इतिहास म्हणजे पंखांचा आणि एंजिनांचा इतिहास, अशी आपल्या सुशिक्षित वर्गांतहि सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाहीं, पण अपुरी आहे. पंख आणि एंजिन यांच्या बळावर विमान उडतें. परंतु तें कोणाच्या अंगावर न जातां, इतर विमानांच्या सोबतीनें उडावयाचें असेल, तर त्याला बोलतां यावें लागतें. ही वाचा विमानाला कशी मिळाली, आणि कोणी आपल्या घरीं विमान बांधलें तर त्याच्या दर्शकफलकांत बोलण्याचीं यंत्रें बसविण्याच्या कामाला एवढें महत्त्व कां, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहोंत. सातारा-सांगलीकडील वाचकांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईंत घराच्या गच्चीवर ज्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें, ते कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यांतलेच.

२७ ऑगस्ट १९१० रोजीं जेम्स मॅकर्डी या कॅनडाच्या वैमानिकानें न्यूयॉर्कजवळ आकाशांतून जमिनीवर बिनतारी संदेश पाठविला. त्यानंतर चारच वर्षांनीं महायुद्ध सुरू झालें, आणि तोफांचे गोळे कोठें पडतात हें वरून पाहून तोफखान्याला कळविण्याचें काम विमानांकडे आलें. त्या वेळचीं यंत्रें ठिणगीचीं व वजनानें भारी होतीं. वैमानिक शिशाचें वजन बांधलेली लांबलचक तार विमानाखालीं सोडी, आणि उतरण्यापूर्वीं ती आठवणीनें गुंडाळून घेई. युद्ध संपल्यावर लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर वैमानिकांशीं तोंडी बोलण्याची व्यवस्था झाली. संकटांतील वैमानिकाची 'मेडे' ही हांक १९२३ च्या सुमारास तेथेंच ठरली. 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ती घेतलेली आहे.

आपल्याकडे मात्र एक गमतीचा प्रकार घडला. विमानाला वाचा मिळण्यापूर्वींच त्याला हांक मारण्याचें नांव मिळालें. १९१९ च्या पॅरिस करारानें विमानांना जीं ओळख-अक्षरें दिलीं, तीं बिनतारी केंद्रांच्या नांवांच्या धर्तीवर होतीं. तेव्हां हिंदुस्थानांतील विमानांवर 'जी-आय' हीं अक्षरें असत. पुढें १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें बिनतारी परिषद भरली, आणि तिनें केलेल्या अक्षरांच्या वांटणींतून आपल्या वांट्याला 'व्हीटी' आलें. तें १९२९ पासून विमानांवर दिसूं लागलें. 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा त्याचा अर्थ लावण्याची पद्धत आहे. पण 'व्ही'नें सुरू होणारे अनेक अक्षरगट ब्रिटिश साम्राज्यांतील निरनिराळ्या प्रदेशांना मिळाले होते, त्यांपैकींच हा एक. म्हणजे आपल्या विमानांच्या अंगावर आजहि जें नांव आहे, तें मुळांत बिनतारी यंत्राचें नांव आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले. त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानावर 'व्हीटी-एडीएन' हीं अक्षरें होतीं, पण आंत बिनतारी यंत्र नव्हतें. होकायंत्र, नकाशा आणि डोळे यांवर सर्व भिस्त. आकाश मोकळें होतें म्हणून हें निभावलें. जेथें दिवसाकाठीं एखादें विमान जातें तेथें मुकेपणा हा एकट्याचा धोका असतो. जेथें शेंकडों जातात तेथें तो सर्वांचा धोका होतो. बिनतारी व विमान या दोन्ही गोष्टींना सरकारनें लागोपाठच कायद्याच्या चौकटींत घातलें: बिनतारीचा कायदा १९३३ चा, आणि विमानांचा १९३४ चा.

घरीं विमान बांधण्याची चळवळहि याच काळांतली. फ्रान्समधील हेन्री मिन्ये यानें १९३३ सालीं आपलें इवलेंसें विमान उडविलें आणि दुसऱ्या वर्षीं तें बांधण्याची रीत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तें वाचून अनेकांनीं तसलीं विमानें बांधलीं. पण पंखांच्या रचनेंत दोष होता. अपघात झाले, आणि १९३६ च्या सुमारास फ्रान्स व इंग्लंड येथें त्यांच्या उड्डाणास बंदी आली. हौशी माणसाचा उत्साह आणि सरकारची धास्ती यांतील हा पहिला मोठा झगडा होय. १९५३ सालीं अमेरिकेंत पॉल पोबेरेझ्नी यांनीं घरीं विमान बांधणाऱ्यांची संस्था स्थापन केल्यावर या कामाला शिस्त आली, आणि दर्शकफलक कसा मांडावा याचेंहि एक शास्त्र बनलें.

तें शास्त्र दिसावयास साधें आहे. वैमानिकाच्या समोर वेग, उंची आणि विमानाचा कल दाखविणारीं यंत्रें; दुसऱ्या अंगास एंजिनाचीं यंत्रें; आणि मधल्या उभ्या जागेंत, कपाटाच्या खणांप्रमाणें एकावर एक, बिनतारीचीं यंत्रें. या यंत्रांची रुंदी सामान्यतः सव्वासहा इंच ठरून गेली आहे, त्यामुळें निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें एकाच उभ्या रांगेंत बसतात. आधीं फलकाच्या मागें ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या ठोकतात, त्यांत धातूचे पोकळ खण बसवितात, आणि यंत्र समोरून त्या खणांत सरकवितात. सर्वांत वर आवाजाची निवड करणारें यंत्र, मग बोलण्याचीं व दिशा दाखविण्याचीं, आणि तळाशीं रडारला उत्तर देणारें यंत्र, असा क्रम बहुधा असतो.

खरी कसोटी फलकाच्या मागें लागते. यंत्राचा सारा भार पुढच्या कडेवर सोडला तर एंजिनाच्या थरथरीनें पत्रा कालांतरानें तडकतो; म्हणून खणाला मागूनहि आधार द्यावा लागतो. यंत्रें तापतात, तेव्हां त्यांच्यामध्यें वारा खेळावा लागतो. होकायंत्र जवळ असेल तर तें बिघडतें. विजेच्या तारांची जमीन एकाच ठिकाणीं जोडली नाहीं, तर एंजिनाची किरकिर वैमानिकाच्या कानांत शिरते. एंजिन सुरू होतांना विजेचा जो झटका बसतो तो नाजूक यंत्रांना लागूं नये, म्हणून त्यांची कळ निराळी ठेवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, बटण फिरवितांना वैमानिकाला मान वळवून खालीं वाकावें लागतां कामा नये. ढगांत असतांना एवढ्याशा हालचालीनें त्याला भोंवळ येते, आणि वर-खालीं कोणतें हेंच कळेनासें होतें.

हें सारें बारकाव्याचें वाटेल. पण त्या बारकाव्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरी येथें दिल्लीहून निघालेलें सौदी विमान आणि दिल्लीस येणारें कझाक विमान आकाशांत एकमेकांवर आदळलें व ३४९ माणसें मरण पावलीं. कझाक विमानानें १५,००० फुटांखालीं यावयाचें नव्हतें, आणि सौदी विमानानें १४,००० फुटांवर जावयाचें नव्हतें. परंतु कझाक विमानांत दिल्लीशीं बोलणारा मनुष्य वैमानिकांच्या मागें बसे, आणि त्याच्यापुढें स्वतःचें उंचीदर्शक नव्हतें. ज्याला आज्ञा ऐकूं येत होती त्याला उंची दिसत नव्हती, आणि ज्यांना उंची दिसत होती त्यांना आज्ञा दुसऱ्याच्या तोंडून कळत होती. ऐकणें आणि पाहणें एकाच माणसाच्या हातांशीं असावें हा फलकाच्या मांडणीचा पहिला नियम. त्याची ही भयंकर साक्ष आहे. या अपघातानंतर विमानांत टक्कर टाळणारें यंत्र असण्याची सक्ती आपल्याकडे आली. तें यंत्र चालतें दुसऱ्या विमानांतून येणाऱ्या उत्तरावर. म्हणून फलकाच्या तळाशीं असलेलें तें यंत्र, चार आंकड्यांचा संकेत आणि उंची विचारतांच सांगणारें, आतां चैनीची वस्तु उरलेली नाहीं.

या पार्श्वभूमीवर कॅप्टन यादव यांची हकीकत पाहावी. व्यवसायानें वैमानिक असलेल्या या गृहस्थांनीं १९९८ पासून विमान बांधण्याचे प्रयत्न केले. पहिल्या प्रयत्नांतून उडणारें विमान निघालें नाहीं, दुसऱ्यास परवानगी मिळाली नाहीं. तिसरें कांदिवलीच्या चारकोप भागांतील घराच्या गच्चीवर उभें राहिलें. फेब्रुवारी १९१६ नव्हे, २०१६ या आपल्याच काळांत, तें क्रेननें खालीं उतरवून मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत मांडलें गेलें, तेव्हां लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची नोंदणी होऊन त्याला 'व्हीटी-एनएमडी' हें नांव मिळालें. ऑक्टोबर २०१९ मध्यें उड्डाणाचा परवाना मिळाला. आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें आकाशांत गेलें. विमान बांधावयास लागलीं त्याच्या जवळजवळ निम्मीं वर्षें कागदांसाठीं लागलीं, हें वाचून कोणाहि उद्योगप्रिय माणसाला विषाद वाटेल. नांगर, कंदील व ऑईल एंजिनें बनविणाऱ्या किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी आणि साताऱ्याचे कारखाने ज्या प्रदेशानें पाहिले, त्याला तर विशेषच वाटेल.

तथापि या विषादांत आपण एक भेद विसरूं नये. पंख कसे जोडावे, पत्रा कोणता घ्यावा, हें बांधणाऱ्याचें काम आहे. तेथें सरकारनें तपासावें, पण अडवून बसूं नये. वाचेची गोष्ट निराळी. कृष्णाकांठचें उदाहरण घेऊं. कऱ्हाडची धावपट्टी १९५५ सालीं कोयना प्रकल्पाकरितां झाली. सांगलीजवळ कवलापुरास दुसरी आहे. विमानांच्या बोलण्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात. जमिनीवर सदाशिवगडासारखा एखादा डोंगर आड आला कीं त्या अडतात; पण हजार मीटर उंचीवर गेलेल्या विमानाचा शब्द सुमारें सव्वाशें किलोमीटरपर्यंत पोंचूं शकतो. कऱ्हाडवरून बोललेलें सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणच्या आकाशांत ऐकूं जाईल. त्या टापूंतले सर्व वैमानिक एकाच लहरीवर असतात. एकाचें यंत्र बिघडून अखंड गुरगुरत राहिलें, तर सर्वांचें बोलणें बंद पडतें. म्हणून बिनतारी यंत्राला परवाना आणि तें वापरणाऱ्याला परीक्षा, ही अट आम्हांस जाचक वाटत नाहीं. ती सार्वजनिक पाणवठ्यावरच्या नियमासारखी आहे.

घरीं विमान बांधणारा मनुष्य बहुतेक सर्व गोष्टी एकटा करूं शकतो, आणि त्याचें स्वावलंबन आम्हांस आदरणीय वाटतें. पण मधल्या त्या उभ्या जागेंत शेवटचा खण सरकवून तो जेव्हां मळसूत्र आंवळतो, तेव्हां त्याचें यंत्र एकट्याचें राहत नाहीं. इतरांचें ऐकण्याचा व इतरांना ऐकूं जाण्याचा करार तें करतें. सरकारनें आपली सारी कडक नजर या कराराच्या जागीं ठेवावी आणि बाकीच्या ठिकाणीं हात सैल सोडावा, तर पुढच्या बांधणाऱ्याचीं उमेदीचीं वर्षें कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर जाणार नाहींत. सातारा-सांगलीच्या एखाद्या शाळेंत आज लांकडाचीं विमानें करणारा मुलगा उद्यां तें काम हातीं घेईल; त्याच्यासाठीं तरी हा भेद आतांच स्पष्ट झाला पाहिजे.