मोटारीचा रंग : उघड्यावरील जतन

छप्पर नसलेल्या जागी उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या रंगाचे ऊन, धूळ, खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चिकटा आणि चुकीची पुसापुशी यांपासून रक्षण. मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये पार्किंगची सोय नसल्याने असंख्य गाड्या बारा महिने रस्त्याकडेलाच असतात. त्यांच्यासाठी हा नित्याचा प्रश्न आहे.

रचना : पत्र्यावर प्रथम विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी आजच्या रंगकामाची साधारण रीत आहे. सर्व थरांची मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरते. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक असतो. गाडीची चकाकी याच थराची, आणि अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही प्रामुख्याने यातच मिसळलेली असतात. रबिंग-पॉलिशच्या प्रत्येक खेपेला तो थोडा झिजतो. झिजलेला भरून येत नाही. म्हणून रंग जपायचा म्हणजे मुख्यतः हा थर जपायचा. पूर्वीच्या एकपदरी रंगाच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यालाच रंग लागे, त्यामुळे झीज डोळ्यांना दिसत असे. आता ती दिसत नाही, हाच धोका आहे.

ऊन : रंगांच्या टिकाऊपणाची कसोटी जगभरातील उत्पादक दमट-उष्ण दक्षिण फ्लोरिडात आणि कोरड्या-उष्ण ॲरिझोनात घेतात. आपल्याकडे कोकण पहिल्याच्या जवळचे, तर विदर्भाचा उन्हाळा दुसऱ्याच्या. टप आणि बॉनेट यांवर ऊन थेट पडते, म्हणून दारांच्या आधी तेच खराब होतात. आधी तेज जाते, मग पांढरट चट्टे उमटतात आणि शेवटी क्लिअर कोटचे पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटू लागल्यावर कोणतेही पॉलिश कामाचे नाही; तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

झाडाखाली : सावली हवीच, पण झाड पाहून. मोहराच्या दिवसांत आंब्यावरील तुडतुडे गोड चिकट द्रव टाकतात. त्यावर धूळ बसते आणि पुढे काळी बुरशीही धरते. पिठ्या ढेकूण लागलेल्या वर्षावृक्षाखालीही असाच चिकटा गळतो. फांदीवर पक्ष्यांची वस्ती असेल तर विष्ठेची भर पडते. तिच्यातील आम्ल रंगाला बाधते. शिवाय उन्हाने मऊ झालेला क्लिअर कोट थंड होताना वाळल्या विष्ठेभोवती आक्रसतो आणि तिचा ठसा कायमचा राहतो. डाग दिसताच ओले कापड त्यावर दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ झालेला मळ उचलून घ्यावा. नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडू नये.

पुसणे : उघड्यावरच्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा स्वच्छतेच्या नावाखालीच होते. रस्त्यावरच्या धुळीत क्लिअर कोटहून कठीण वाळूचे कण असतात. सकाळी एकाच बादलीत पिळलेले फडके आठ-दहा गाड्यांवरून फिरते तेव्हा ते कण रंगावर घासले जातात. काळ्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल ओरखड्यांची नक्षी दिसते, ती बहुतांशी अशीच तयार होते. यात गाडी पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला दुसरी बादली, मायक्रोफायबरची स्वच्छ फडकी आणि पुरेसे पाणी गाडीमालकाने द्यायला हवे. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग गाडीचा शॅम्पू लावावा. कपड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतो. बोअरचे जड पाणी उन्हात वाळू दिल्यास क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. पाणीटंचाईत मात्र धूळ तशीच राहू देणे कोरडे पुसण्यापेक्षा बरे. अपवाद सिमेंटच्या धुळीचा : दव पडले की ती घट्ट धरते, म्हणून ती लगेच धुवावी.

कव्हर : धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घालावे. मळक्या गाडीवर वाऱ्याने फडफडणारे कव्हर काचकागदाचे काम करते, आणि पावसाळ्यात हवा न खेळणाऱ्या कव्हरखाली ओल कोंडते. दिवाळीत नायलॉनच्या कव्हरवर ठिणगी पडल्यास ते वितळून रंगाला चिकटू शकते.

लेप : ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नाउबा वॅक्स स्वस्त पडते, पण आपल्या उन्हापावसात फार दिवस टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग अधिक काळ टिकते आणि मळ सहज सुटतो; मात्र ते खडीचा मार अडवत नाही. तो अडवते पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म, जिचा खर्च बराच मोठा असतो.

दसऱ्याला बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक त्याच संध्याकाळी धुवावे. हळदीचा डाग उन्हाने फिकटतो, कुंकवातील कृत्रिम रंग पांढऱ्या गाडीवर रेंगाळतो. किनारपट्टीवर खडीने उडालेला टवका लहान असला तरी खाऱ्या हवेत तेथून गंज पत्र्यात शिरतो; पावसाळ्यापूर्वी टच-अपच्या बाटलीने तो बुजवावा.