पाते घासण्यापूर्वी

खंडेनवमी जवळ आली की पेडणे महालातल्या आणि सरहद्दीपलीकडच्या सावंतवाडी मुलखातल्या जुन्या घरांतून माळ्यावरची, देवघरातली हत्यारे खाली निघतात. चिंच, सोलांचा आगळ, विटेची भुकटी, चुलीतली राख अशी तयारी पूर्वीपासूनची. अलीकडे तिच्यात सँडपेपर आणि ग्राइंडरची भर पडली आहे. तासाभरात तलवार आरशासारखी लखलखते. त्याच तासाभरात तिच्यावरचा दोन-तीनशे वर्षांचा मजकूर पुसला जाऊ शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मजकूर हा शब्द मुद्दाम वापरला. पेडणे हा वाडीकर सावंत-भोसल्यांचा मुलूख. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी हळर्ण आणि तेरेखोल हे किल्ले घेतले, आणि बऱ्याच चढउतारांनंतर १७८८ मध्ये पेडणे त्यांच्या अमलाखाली गेले. अशा भागात हत्यारे दोन्ही बाजूंनी येणारच. १५१० मध्ये गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेल्यानंतर युरोपात घडलेली लांब, सरळ पाती या किनाऱ्यावर उतरू लागली आणि त्यांना देशी मूठ बसू लागली. अशा तलवारीला आपल्या भाषेने नावच दिले, 'फिरंग'. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. आपल्याकडचे कारागीर परदेशी खुणांची नक्कलही करीत, त्यामुळे नुसती खूण हा पुरावा नव्हे. पण खूणच घासून गेली तर शोधाला सुरुवात तरी कोठून करायची?

पात्यावरचा थर एक नसतो. सर्वांत वर असते ते पूजेचे: वर्षानुवर्षे लावलेले तेल, त्यावर गंध, हळदकुंकू. तेल चिकट होऊन घट्ट बसते, कुंकू ओल धरते आणि पावसाळ्यात त्याखाली गंज वाढतो. दुसरा तांबडा गंज. हा भुसभुशीत, पापुद्र्यांचा. पाणी धरून ठेवतो आणि लोखंड खात जातो. तिसरा काळसर, दाट, लोखंडाला घट्ट चिकटलेला. हा बराचसा निरुपद्रवी, किंबहुना थोडे संरक्षणच करणारा. पहिले दोन काढावेत, तिसऱ्याला हात लावू नये. आपण नेमके त्याच्यावरच तुटून पडतो, कारण तो काळा दिसतो!

जौहरदार पोलादाची गोष्ट आणखी निराळी. त्यावरच्या पाण्याच्या लहरींसारख्या रेघा कर्बाच्या कमी-जास्त प्रमाणातून आलेल्या असतात आणि सौम्य आम्लानेच उठून दिसतात. फार घासले की त्या दिसेनाशा होतात. जाणकार त्या पुन्हा उठवू शकतो. घासून गेलेली अक्षरे किंवा सोन्याची तार मात्र परत येत नाही.

घरातल्या आदोळीची गोष्ट वेगळी, तिला चिंच खुशाल लावावी. आंबट रस गंज विरघळवतो आणि मागून लावलेली राख, ती क्षारयुक्त असल्यामुळे, उरलेले आम्ल मारते. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता आपल्या आज्यांनी बसवलेला हा क्रम आहे. आंबट लावून तसेच ठेवले तर मात्र ते चांगले लोखंडही खाते. नव्या कोयत्यावर काळा रंग किंवा व्हार्निश असेल तर ते घासावे, विस्तवावर जाळू नये. धूर वाईट आणि धारेचे पाणीही उतरते.

जुन्या तलवारीला आंबट नको, विटकर नको. विस्तवापासून दूर, उघड्या जागी, रॉकेलने भिजवलेल्या मऊ फडक्याने पूजेचा थर हळूहळू सोडवावा. तांबड्या गंजावर शिवणयंत्राचे पातळ तेल लावून एक-दोन दिवस थांबावे आणि सुटलेले पापुद्रे बांबूच्या कामटीने अलगद उचलावेत. शेवटी कोरडे पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. गंध पात्याला न लावता मुठीजवळच्या पाटावर लावले, तरी पूजेत काही उणे राहात नाही. आणि हे सारे सुरू करण्याआधी पात्याच्या दोन्ही बाजूंचे, विशेषतः मुठीलगतच्या वीतभर भागाचे, तिरप्या उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. खुणा बहुधा तेथेच असतात.