शाफ्टच्या दाराचं कुलूप: निमाड-खानदेशातली जिनिंग आणि सुरक्षेचा कायदा

महाराष्ट्र फॅक्टरीज रूल्स, 1963 मध्ये कापूस जिनिंगसाठी एक छोटा नियम आहे. सारांश असा: जमिनीखालून जाणारा मुख्य शाफ्ट सलग भिंतीनं किंवा चढता न येणाऱ्या कुंपणानं बंद करावा; सरकी काढणं, सफाई आणि तेल घालणं यांपुरतीच दारं ठेवावीत; आणि त्या दारांना कुलूप असावं. मी मेकॅनिकल इंजिनीअर, इतिहासाचं शिक्षण नाही. पण हा नियम वाचल्यावर पहिला प्रश्न पडला तो इतिहासाचाच. कुलुपापर्यंत गोष्ट का आली?

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या जिनिंगमध्ये एकच इंजिन असे. त्यावर फिरणारा लांबलचक शाफ्ट फरशीखालून जाई आणि त्यावरच्या पुल्यांचे पट्टे वर रांगेतल्या एकेका जिनला फिरवत. बायका वरून कपाशी भरत. रुई पुढे पडे, सरकी खाली. म्हणजे सरकी साचणार ती नेमकी शाफ्टजवळ. ती उपसायला कुणीतरी खाली उतरणार, बहुधा बाई किंवा पोर. शाफ्ट वेगात फिरत असला की गुळगुळीत दांडा जागच्या जागी स्थिर दिसतो, हा त्यातला खरा दगा. पदराचं टोक एकदा त्यावर गुंडाळलं गेलं, की माणूस ओढला जायला क्षण पुरतो. शाफ्टवर वर आलेला एखादा स्क्रू किंवा चावी असेल तर बघायलाच नको. 1948 च्या कायद्यातलं 26 वं कलम त्याच स्क्रू-चाव्यांबद्दल आहे: त्या आत बसवलेल्या किंवा झाकलेल्या हव्यात.

आता कायद्याकडे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट 1881 चा. (बॉयलरचा कायदा त्याच्याही आधी, बंगालमध्ये 1864 साली झाला. बॉयलर फुटला तर शेजारच्या इमारतीही जातात, म्हणून त्याची तपासणी आधी सुरू झाली असावी, असं आपलं माझं मत.) 1881 च्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी होती, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा होती, धोकादायक यंत्रांना कुंपणाची आणि अपघात कळवण्याची तरतूद होती. पण कारखाना म्हणायचा कशाला? शंभर किंवा जास्त माणसं कामावर असतील आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त काम चालत असेल तरच. जिनिंग हा हंगामी धंदा, आणि एकेका जिनवर माणसंही कमी. पुष्कळशी जिनिंग या व्याख्येच्या बाहेरच राहिली.

बाहेर राहिल्याचा अर्थ काय, ते 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे आलं. खानदेशातल्या जिनिंगच्या एका व्यवस्थापकानं स्वतःच सांगितलं, की एरवी इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होतं ते रात्री सात-आठ-नऊपर्यंत मधे न थांबता चालतं. मार्च-एप्रिलच्या घाईत तीच माणसं जवळपास आठ दिवस रात्रंदिवस काम करतात, त्यापुढे मात्र शक्य होत नाही, आणि इतकं काम करणारे पुष्कळदा मरतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या आठव्या रात्री सरकी काढायला खाली उतरलेल्या बाईला शाफ्ट फिरतोय की थांबलाय, हे तरी कळत असेल का?

त्याच 1884 च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनकडे गेला. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची आहे ती अपघाताची मागणी: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. भरपाईचा कायदा झाला 1923 मध्ये, अंमल 1 जुलै 1924 पासून. चाळीस वर्षं लागली.

1891 मध्ये शंभराची अट पन्नासवर आली. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्यात आले ते 1911 साली. 1934 च्या कायद्यानंही कायम कारखान्याला आठवड्याचे 54 तास आणि हंगामी कारखान्याला 60 असा भेद ठेवलाच होता. तो गेला 1948 मध्ये.

आणि आपल्या भागात आणखी एक रेघ होती, ती नकाशावरची. खंडवा ब्रिटिश मुलखात, सनावद आणि बडवाह होळकरांच्या. एकाच रेल्वेवरची गावं, एकच कपाशी, तसेच जिन. पण ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा हद्दीपाशी संपायचा. पलीकडे काय लागू होईल ते दरबार ठरवणार. इंदूरला तर तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1866 मध्येच मिलची सुरुवात केली होती, पहिल्या फॅक्टरी ॲक्टच्या पंधरा वर्षं आधी. यंत्रं आणायची घाई दोन्हीकडे सारखीच होती.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत निमाडातल्या एका जिनिंगमध्ये मोटार बसवायला गेलो होतो. शाफ्टच्या दाराला कुलूप होतं, नियमाप्रमाणे. ते उघडं, कडीत नुसतंच अडकवलेलं, किल्ली बाजूच्या खिळ्याला. मी विचारलं तर खानदेशातून आलेल्या एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, सरकी साचली की वरचे जिन अडतात. मग मुकादम ओरडतो. दर वेळी कुलूप काढायला कोण येणार?" मी मोटार बसवली, कागदावर सही घेतली आणि निघालो. कुलुपाबद्दल कुणालाच काही बोललो नाही. ते अजून खटकतं.

आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक जिनला स्वतंत्र मोटार असते, खालच्या शाफ्टची गरज राहिलेली नाही. काही जुन्या शेडमध्ये मात्र फरशीतल्या पट्ट्यांच्या फटी सिमेंटनं बुजवलेल्या दिसतात. सनावद, खरगोन, बडवाह भागात कुणाच्या घरी जुन्या जिनिंगची हजेरीवही किंवा अपघाताची नोंदवही असेल तर मंडळाला जरूर कळवा. फोटो काढून वही परत करू.