मीठ, उपवास आणि मंदावलेली ग्रंथी

उज्जयिनीच्या फ्रीगंजात, म्हणजेच शिंदे दरबाराच्या अमदानीत वसलेल्या माधवनगरात, घड्याळाच्या मनोऱ्याभोवती जो टावर चौक आहे, तेथे सायंकाळी कचोरी, पोहे आणि जिलबी यांच्या बरोबरीने ‘फरियाली’, म्हणजे उपवासाची, साबुदाण्याची खिचडीही हक्काने आपले स्थान राखून असते. ज्या महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले, त्याची सवारी श्रावणी सोमवारी जेथून निघते, त्या नगरातील मराठी घराण्यांनी उपवासाची परंपरा निष्ठेने जतन केली, यात नवल नाही. थायरॉईड मंदावलेली गृहिणी वाढलेले वजन उतरविण्यासाठी प्रथम या उपवासाचाच आश्रय घेते. तिच्या श्रद्धेचा पूर्ण आदर राखूनही, तिच्या प्रश्नाचे उत्तर मिठाच्या आणि औषधाच्या इतिहासात आहे, असे सांगणे प्राप्त आहे.

माळवा हा समुद्रापासून दूरचा मुलूख. येथील मीठ सांभर सरोवरासारख्या परस्थानांहून येई. १८७० साली इंग्रज सरकारने सांभर जयपूर-जोधपूरकडून पट्ट्याने घेतले आणि १८७९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाशी मिठाचा करारनामा केला. दप्तरांतून मिठाच्या जकातीचा आणि महसुलाचा बारकाईने हिशेब राहिला. मिठात आयोडीन किती, हा प्रश्न मात्र त्या काळच्या कारभाराला पडण्याजोगाच नव्हता. सुश्रुतसंहितेने आयोडीनच्या अभावी गळा फुगविणाऱ्या गलगंडाचे वर्णन केले होते, परंतु आयोडीन हे मूलद्रव्य सापडले १८११ साली, आणि ते थायरॉईड ग्रंथीतच वास करते हे बाउमान यांनी सिद्ध केले तेव्हा एकोणिसावे शतक सरत आले होते. आपल्याकडे डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगाने मिठात आयोडीन मिसळल्यास गलगंड ओसरतो हे दाखविले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आयोडीनरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी, एकदा उठून, २००६ साली पुन्हा अमलात आली. उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत ३० आणि ग्राहकाच्या हाती १५ भाग आयोडीन, असे प्रमाण ठरले. प्रौढ माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम एवढी अल्प आहे; तथापि उपवासाला पवित्र मानलेल्या सैंधवातून ती भागत नाही, आणि समुद्राच्या साध्या मिठातूनही नाही.

मिठाने गलगंड आटोक्यात आणला, परंतु आज शहरात ग्रंथी मंदावते ती बहुधा अन्य कारणाने: शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, ज्याचे वर्णन जपानी वैद्य हाशिमोतो यांनी १९१२ साली केले. अशा रुग्णाने अधिक आयोडीन सेवन केल्याने लाभ होत नाही. प्रसंगी अपायच होतो. त्याचा खरा उपाय म्हणजे उणा पडलेला स्राव बाहेरून देणे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीला नवे आयुष्य दिले, आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले. १९२७ पर्यंत हॅरिंग्टन यांनी ते प्रयोगशाळेत घडविले.

याच इतिहासातील एक प्रकरण शोचनीय आहे. अर्क घेणाऱ्याचे वजन उतरते, हे दिसताच, ज्यांची ग्रंथी निरोगी होती अशा स्थूल माणसांनाही तो दिला जाऊ लागला. चरबीबरोबर स्नायूही झिजले आणि हृदयावर ताण आला. म्हणूनच आज या औषधाच्या माहितीपत्रकात ते स्थूलतेसाठी वापरू नये, असा स्पष्ट इशारा असतो. वस्तुतः मंदावलेल्या ग्रंथीमुळे वाढणारे वजन सामान्यतः ५ ते १० पौंड, आणि त्यातील बराच अंश क्षार व पाणी यांचा असतो. औषधाची मात्रा योग्य बसल्यावर जे वजन उरते, त्याला इतरांच्या वजनाचेच नियम लागू पडतात.

त्या नियमांच्या कसोटीला फरियाली ताट उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांचे साधे जेवण त्याहून कितीतरी हितकर. उलटपक्षी, दीर्घकाळ कडक निराहार केला तर शरीर स्वतःच सक्रिय संप्रेरक घटवून ऊर्जेची काटकसर करू लागते. कोबी-फुलकोबी शिजवून बेताने खाण्यास प्रत्यवाय नाही. १९७० नंतर माळव्याच्या काळ्या मातीने आपलेसे केलेले, आणि ज्याच्या संशोधनाचे केंद्र १९८७ पासून इंदुरात आहे, ते सोयाबीनही वर्ज्य नाही. ते थायरॉक्सिनच्या गोळीच्या शोषणात अडथळा आणते, एवढ्यासाठी दोहोंत अंतर ठेवावे. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. मात्रा बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे, आणि वजन लवकर उतरावे म्हणून ती आपल्या मनाने कोणीही वाढवू नये, ही कळकळीची विनंती.