नागपूरच्या वस्त्या : काल, आज आणि उद्या

मुलांचे शिक्षण आणि डोक्यावर हक्काचे छप्पर, या दोन गोष्टींसाठी आपल्या समाजातील सामान्य पालक जन्मभराची कमाई खर्च करतो. प्लॉट घेताना त्याचा प्रश्न एकच असतो : पुढील वीस-तीस वर्षांत शहर कोणत्या बाजूने वाढेल? दलालाचे उत्तर ठरलेले आहे. तेव्हा आधी इतिहासाला विचारून पाहू.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 मध्ये नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसविले. त्याचा पुत्र चाँद सुलतान याने तट उभारला, जुम्मा तलाव बांधविला. पुढे भोसल्यांचे राज्य आले आणि महाल, इतवारी हे शहराचे हृदय झाले. त्या काळी सीताबर्डीच्या पलीकडे शहर जाईल असे कोणाला वाटले असते? परंतु 1853 मध्ये राज्य खालसा झाले, 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले आणि कचेऱ्या टेकडीच्या पश्चिमेला गेल्या. 1867 मध्ये रेल्वे आली. रुळांच्या पूर्वेला कारागीर व व्यापारी, पश्चिमेला साहेब आणि त्यांच्यामागून वकील, कारकून, प्राध्यापक, अशी जी वाटणी पडली ती धरमपेठ आणि मोमिनपुरा यांच्या रस्त्यांत आजही दिसते.

मोमिनपुऱ्याची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची ही वस्ती. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा हातमागाचा काळ संपला असे कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात 2002 मध्ये मिलच बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मोमिनपुरा मात्र माग सोडून दुकाने, खानावळी व लहान धंद्यांवर तगून आहे.

1956 मध्ये राजधानीचा मान गेला. राजधानी गेली की शहर ओसरते, हा साधा हिशेबही येथे खोटा ठरला. 1951 मध्ये साडेचार लाखांच्या आत असलेली लोकसंख्या 2001 मध्ये साडेवीस लाखांवर गेली. सरकारी अंदाजांचे काय? 1986 ते 2011 या काळासाठी केलेल्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली 2000-01 मध्ये, म्हणजे निम्म्याहून अधिक मुदत सरल्यावर! लोक तोवर थांबले नाहीत. त्यांनी शेतजमिनीचे तुकडे घेतले, घरे बांधली. नागपुरात '572' आणि '1900' हे आकडे उच्चारले की अनधिकृत ले-आऊटची आठवण होते ती यामुळेच. ती घरे नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला.

आता उद्याचे पाहू. शहराची लोकसंख्या 1991 ते 2001 मध्ये सुमारे 26 टक्क्यांनी वाढली, पुढील दशकात 17 टक्क्यांनी. वाढ हद्दीबाहेर सरकत आहे. 2017 मध्ये स्थापन झालेले महानगर प्राधिकरण त्याचीच खूण होय. वर्धा रोडवर मिहान आणि विमानतळ असल्याने उंच इमारती व नोकऱ्या दक्षिणेला जातील, यात मला शंका वाटत नाही. हिंगण्याकडे कारखाने आहेतच. 2022 मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि पूर्व-पश्चिम गाडी रुळांची ती जुनी रेघ ओलांडू लागली. दोसर वैश्य चौकाचे स्थानक मोमिनपुऱ्याच्या जवळच आहे. तेव्हा तेथे खालच्या मजल्यांचे भाडे चढेल, वारसांत घरांच्या वाटण्या होतील आणि तरुण कुटुंबे उत्तरेकडील वस्त्यांत जातील, असा माझा अंदाज आहे. तेथे हायस्कूल नसेल तर पहिला फटका मुलींच्या शिक्षणाला बसेल.

पाण्याचा हिशेब मात्र कोणताही नकाशा बदलत नाही. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या सुखवस्तू वसाहतींत घरोघर पाणी शिरले. म्हणून पालकांनी बयाणा देण्यापूर्वी ले-आऊटची मंजुरी पाहावी, सातबारा पाहावा, आणि एकदा भर पावसात त्या जागेवर उभे राहावे.

विद्यार्थी मित्रांनी या सुट्टीत एक काम करावे. आपल्या गल्लीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून चाळीस वर्षांपूर्वीचा वस्तीचा नकाशा काढावा : विहीर कोठे होती, नाला कोठून वाहत होता, शेवटचे घर कोणते होते. शाळा उघडल्यावर ते नकाशे आपण शेजारी-शेजारी लावून पाहू.